टोमॅटोला थांबता आले असते तर

२०२३ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतले. किलोला एक-दोन रुपये भाव मिळत होता. त्यातून तोडणीची मजुरी आणि बाजार समितीपर्यंतचे गाडीभाडेही सुटत नव्हते. जुलै उजाडेपर्यंत तोच टोमॅटो शहरांत शंभराच्या पुढे गेला, काही ठिकाणी दोनशेला भिडला. केंद्र सरकारने सहकारी ग्राहक महासंघाच्या गाड्या चौकाचौकांत उभ्या करून नव्वद रुपये किलोने टोमॅटो विकायला काढला, ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीची घोषणा झाली आणि सप्टेंबरात भाव पुन्हा जमिनीवर आला. पाच महिन्यांत एका फळाने शेतकऱ्याला, गृहिणीला आणि सरकारला आळीपाळीने रडवले.

त्या काळात कारणांची चर्चा भरपूर झाली. अवकाळी पाऊस, उष्णतेची लाट, विषाणूजन्य रोग, दलालांची साखळी, शीतगृहांचा तुटवडा. प्रत्येक कारणात तथ्य होते. मात्र एक गोष्ट चर्चेत फारशी आली नाही. मे महिन्यात फेकलेला टोमॅटो आणि जुलैत हवा असलेला टोमॅटो यांच्यात जेमतेम आठ आठवड्यांचे अंतर होते, आणि त्यातले पहिले काही आठवडे महाराष्ट्रातल्या सर्वांत कडक उन्हाचे होते. त्याच दिवसांत राज्यभर गच्च्यांवर आणि अंगणांत पापड, कुरडया, सांडगे, शेवया वाळत होत्या. वाळवणाची एवढी जुनी सवय असलेल्या समाजाला टोमॅटो मात्र वाळवण्याजोगा वाटला नाही. तो का वाटला नाही, आणि जिथे वाटला तिथे काय घडले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मागे पाहिले की एक सूत्र दिसू लागते: नाशवंत मालाचा भाव शेवटी तो माल कोणाला थांबवून धरता येतो यावर ठरतो. टोमॅटो वाळवणे ही पाककृती खरीच, पण तिचा इतिहास थांबण्याच्या ताकदीचा इतिहास आहे.

टोमॅटोचे रानटी वाण दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातले. त्याला मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी मोठ्या, मांसल फळाचे रूप दिले. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून तो युरोपात उतरला. १५४४ मध्ये इटालियन वैद्य मत्तिओली यांनी त्याची नोंद केली, ती वांग्याच्या जातभाईची म्हणून. १५४८ च्या ३१ ऑक्टोबरला पिसा येथे कोझिमो द मेदिची यांच्या घरी टोमॅटोची टोपली आल्याचा उल्लेख सापडतो. पण ही सारी नवलाई होती. खाण्याजोगा पदार्थ म्हणून टोमॅटोला छापील पाककृतीत जागा मिळायला दीडशे वर्षे गेली. १६९० च्या दशकात नेपल्समधल्या अंतोनियो लातिनी यांच्या ग्रंथात स्पॅनिश धाटणीची टोमॅटोची चटणी आली. युरोपातल्या उत्तरेकडच्या देशांनी तर त्याच्याकडे आणखी बराच काळ संशयाने पाहिले.

दक्षिण इटलीत मात्र टोमॅटो रुळला, आणि रुळताच एक अडचण उभी राहिली. पीक येते ते उन्हाळ्याच्या शेवटी, एकदम आणि भरमसाट. हिवाळा मोठा, आणि फळ चार दिवसांत नासणारे. यावर तिथल्या खेड्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ऊन. पुलिया आणि कालाब्रियात टोमॅटो उभे चिरून, मीठ भुरभुरून, बोरूच्या चटयांवर कापलेली बाजू वर करून मांडत. व्हेसुव्हियसच्या उतारावरच्या गावांत टोकदार लहान टोमॅटोचे घोस बांधून हवेशीर ओसरीत टांगत. जाड सालीचे हे फळ हिवाळाभर टिके. सिसिलीत याहून कष्टाची रीत होती. ऑगस्टमध्ये टोमॅटो शिजवून, गाळून, मीठ घातलेला रस लाकडी फळ्यांवर पसरायचा आणि दिवसभर हाताने खालीवर करत राहायचे. संध्याकाळी फळ्या घरात, सकाळी पुन्हा उन्हात. काही दिवसांनी मातीच्या गोळ्यासारखा घट्ट, गडद तांबडा अर्क तयार होई. तो बरणीत दाबून वर तेलाचा थर दिला की वर्षाची बेगमी झाली. ‘स्त्रात्तु’ या नावाने तो आजही ओळखला जातो. हिवाळ्यात चमचाभर अर्क पाण्यात विरघळवला की घरभराच्या जेवणाला रस्सा होई.

या कामाचे हिशेब कुठल्या वहीत मांडले गेले नाहीत, कारण ते बायकांचे काम होते आणि त्याला मजुरी नव्हती. पण त्याने एक गोष्ट साधली. ऑगस्टमधल्या पडत्या भावात माल विकलाच पाहिजे, अशी वेळ त्या घरावर येत नव्हती. विकून उरलेला माल घरातच वर्षभराचे अन्न होत असे.

उत्तर इटलीतल्या पार्मा परिसराने हीच रीत पुढे नेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्लो रोन्योनी या कृषितज्ज्ञाने तिथल्या शेतकऱ्यांना टोमॅटो हे पीकफेरपालटीतले नगदी पीक म्हणून लावायला प्रवृत्त केले. सुरुवातीला तिथेही रस आटवून, उन्हात सुकवून, काळपट लाद्या करूनच विकल्या जात. पुढे कमी दाबाखाली रस आटवणारी यंत्रे आली आणि अंगणातले काम कारखान्यात गेले. पण पार्मात शेत, कारखाना आणि प्रयोगशाळा एकमेकांना धरून वाढल्या. १९२२ मध्ये तिथे टिकाऊ खाद्यपदार्थांच्या उद्योगासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र उभे राहिले. कोणत्या वाणात घन अंश किती, रस किती तापमानाला आटवायचा, डब्याच्या आतून कोणता लेप हवा, असे प्रश्न तिथे शास्त्राने सोडवले गेले. अर्थात शेतकऱ्याच्या घरातली थांबण्याची ताकद तोपर्यंत कारखान्याच्या गोदामात गेली होती. माल टिकत होताच. टिकवणारा हात बदलला होता.

त्याला कारण झाला पत्र्याचा डबा. १८१० मध्ये निकोला आपेर यांनी हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँक मिळवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले गेले. १८५६ मध्ये फ्रान्चेस्को चिरिओ यांनी तुरिनमध्ये वाटाणे डबाबंद करायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांच्या नावाची कंपनी टोमॅटोसाठी जगभर प्रसिद्ध झाली. डबा आल्यावर ऊन मागे पडले. वाळवलेला टोमॅटो गरिबाघरचा, डबाबंद टोमॅटो आधुनिक, अशी वाटणी झाली. आणि मग १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या उपाहारगृहांनी तेलात मुरवलेला वाळका टोमॅटो शौकाचा पदार्थ करून टाकला. गरिबीतून जन्मलेले वाळवण महागड्या बरणीत जाऊन बसले. या नव्या मागणीचा फायदा सर्वाधिक घेतला तुर्कस्तानने. इझमीर आणि मनिसाच्या परिसरात उन्हाळ्यात शेतात प्लास्टिकच्या जाळ्या अंथरून लांबोडे टोमॅटो हजारो टनांनी वाळवले जातात आणि युरोप-अमेरिकेला जातात. तिथेही कापणीचे काम मुख्यतः बायकाच करतात, पण आता ती मजुरीची नोकरी आहे. तुर्कस्तानच्या यशामागे फार मोठी यंत्रसामग्री नव्हती. कोरडी हवा, योग्य वाण, मिठाचे प्रमाण आणि ठरलेला ग्राहक एवढ्यावर तो व्यापार उभा राहिला.

भारतात टोमॅटो उशिरा आला आणि त्याहून उशिरा आपला झाला. जॉर्ज वॉट यांनी १८८९ पासून सिद्ध केलेल्या भारतीय आर्थिक उत्पादनांच्या कोशात टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपियनांसाठी होते, बंगाली आणि बर्मी लोक त्याचा आंबट कालवणात वापर करू लागले आहेत, असे नोंदवले आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी तो अजून बंगल्याच्या बागेतली भाजी होता. आज भारत टोमॅटोच्या उत्पादनात चीनखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर आहे; वर्षाला सुमारे दोन कोटी टन. एवढ्या थोड्या काळात एवढी मजल मारलेली दुसरी भाजी क्वचितच सापडेल. पीक वाढले, खाणारे वाढले; टिकवण्याची संस्कृती मात्र त्या वेगाने वाढली नाही.

जिथे गरज होती तिथे ती वाढली. काश्मीरमध्ये हिवाळ्यासाठी भाज्या वाळवून ठेवण्याला मोठी परंपरा आहे. वाळलेल्या भाज्यांना तिथे एकत्रितपणे ‘होख स्यून’ म्हणतात. वांग्याच्या, दुधीच्या चकत्यांच्या माळा जशा घराच्या भिंतींवर उन्हाला टांगतात, तशाच टोमॅटोच्याही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ सुरू झाला की याच माळांतल्या फोडी रात्री भिजवून सकाळी मटणाबरोबर किंवा डाळीबरोबर शिजतात. बनिहालचा जवाहर बोगदा १९५६ मध्ये सुरू होईपर्यंत बर्फाने खिंड बंद झाली की खोऱ्याचा बाहेरच्या बाजाराशी संबंधच तुटे. त्यानंतरही महामार्ग दरडींनी अडतोच, आणि अडला की श्रीनगरच्या बाजारात या माळांना गिऱ्हाईक वाढते. बर्फाने काश्मिरी घराला जे शिकवले, ते दक्षिणेत तिखटाच्या आवडीने शिकवले. आंध्रात टोमॅटोच्या फोडी मीठ-हळदीत दोन-तीन दिवस मुरवतात, पिळून कडक उन्हात वाळवतात, त्यांच्या सुटलेल्या पाण्यात चिंच भिजवतात आणि मग मेथी-मोहरी-लाल तिखट घालून सारे एकत्र वाटतात. हे लोणचे वर्षभर टिकते. देशातल्या मोठ्या टोमॅटो बाजारांपैकी एक असलेले मदनपल्ली याच राज्यात आहे, हे लक्षात घेतले की बाजार आणि बरणी यांचे नाते कळते.

महाराष्ट्रात हे का झाले नाही? वाळवणाची कला कमी पडली, असे कोणी म्हणू शकणार नाही. कोकणात कोकमाच्या साली त्याच फळाच्या खारवलेल्या रसाची पुटे देत देत वाळवून आमसुले होतात. कैरीची आंबोशी होते. आंब्या-फणसाच्या पोळ्या होतात. बोंबील, जवळा, सुकट यांनी किनाऱ्याचा पावसाळा निभावतो. देशावर गवार, कारली, वांगी चिरून वाळवतात, मिरच्या ताकात मुरवून सांडग्या होतात. पण या यादीकडे नीट पाहिले तर उत्तर तिथेच आहे. आपल्या स्वयंपाकातली आंबट चवीची जागा आमसूल, चिंच आणि कैरीने आधीच भरलेली होती, आणि या तिन्ही वस्तू वाळवून वर्षभर वापरता येणाऱ्या. टोमॅटो आला तो ताजेपणासाठी: कोशिंबिरीसाठी, रस्श्यातल्या ओल्या वाटणासाठी, रंगासाठी. तो वाळवावा ही गरजच स्वयंपाकघराला भासली नाही.

दुसरे कारण शेतीचे. नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो. त्या वेळी हवा दमट आणि आभाळ भरलेले असते. वाळवण म्हणून काही मांडणे शक्य नसते. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात मात्र उन्हाळी टोमॅटोची आवक वाढते ती नेमकी एप्रिल-मेच्या कडक उन्हात. शेतीने उन्हाळी टोमॅटो आपलासा केला, पण तोवर आपल्या घरांतली वाळवणे उतरणीला लागली होती. शहरातल्या इमारतींच्या गच्च्यांना कुलपे लागली, तयार पापड दुकानात मिळू लागले, आणि ज्या पिढीने नवे काही वाळवून पाहिले असते तिला तेवढा वेळ आणि तेवढी जागा राहिली नाही.

या दोन कारणांवरून कोणी असे म्हणेल की महाराष्ट्राला वाळवणातून व्यापार उभा करणे जमत नाही. तर त्याने तासगावला जावे. सांगली जिल्ह्यात द्राक्षाचे बेदाणे करण्याचा धंदा शेतकऱ्यांनी स्वतः उभा केला. द्राक्षे एका विशिष्ट द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणचट थर पातळ होतो आणि पाणी लवकर निघते; मग हिरव्या जाळीच्या शेडमध्ये थरावर थर असलेल्या मांडण्यांवर ती सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहात ठेवता येतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत हवा तेव्हा काढता येतो. ताज्या द्राक्षाचा भाव पडला, निर्यातीचा माल नाकारला गेला किंवा अवकाळीने मणी तडकले, तर शेतकऱ्यापुढे दुसरा रस्ता असतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तिच्यात बेदाणा, हळद, काजू बी यांसारखा वाळलेला माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज उचलता येते. म्हणजे शेतकऱ्याला घरखर्चासाठी पडत्या भावात विकावे लागत नाही. ओल्या टोमॅटोवर जगातली कुठलीही बँक कर्ज देणार नाही, कारण आठवड्याने तारण उरतच नाही.

कांद्याचेही तसेच आहे. गुजरातेत महुव्याला कांदा वाळवण्याचे कारखाने गजबजले, आपल्याकडे जळगावात मोठ्या प्रमाणावर कांदा निर्जलीकरण होते. द्राक्षाला, कांद्याला, हळदीला वाळण्याची वाट मिळाली. या सगळ्यांत जास्त नाशवंत असलेल्या टोमॅटोला ती मिळाली नाही.

याला एक रास्त आक्षेप आहे आणि तो आकड्यांचा आहे. टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असते. एक किलो वाळका टोमॅटो मिळवायला वाण आणि कोरडेपणा पाहून साधारण बारा ते पंधरा किलो ताजे फळ लागते; बेदाण्याच्या तिप्पट-चौपट. ताजा टोमॅटो तीस रुपये किलो असताना वाळवणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे. नुसते फळच साडेतीनशे-साडेचारशेचे होते. पण तोच टोमॅटो दोन रुपयांवर येतो तेव्हा फळाचा खर्च चोवीस ते तीस रुपये. मग उरतो तो मजुरीचा आणि शेडचा खर्च. म्हणून टोमॅटो वाळवणे हा बारमाही उद्योग म्हणून कोणी मांडू नये. भाव कोसळलेल्या चार-सहा आठवड्यांत वापरायचा तो पर्याय आहे. पुराच्या वेळी उघडायच्या दरवाजाची किंमत रोजच्या वर्दळीवरून काढत नाहीत.

दुसरा आक्षेप वाणांचा. आपल्याकडच्या संकरित टोमॅटोची निवड लांबच्या वाहतुकीत न फुटणारी साल आणि एकसारखा आकार यांसाठी झाली आहे. घन अंश जास्त असलेले, बिया आणि रस कमी असलेले वाण प्रक्रियेसाठी लागतात, आणि त्यांना ताज्या बाजारात भाव नसतो. इटलीने हा प्रश्न दशकानुदशके संशोधन करून सोडवला. आपल्याकडे म्हैसूरला १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिच्या ज्ञानाचा आणि कृषी विद्यापीठांच्या वाण विकासाचा सांधा टोमॅटोसाठी जुळवणे अजून बाकी आहे.

घरी करून पाहायचे तर या अडचणी बऱ्याच हलक्या होतात, कारण घरच्या श्रमाची आणि चवीची मोजदाद वेगळी असते. लांबोडा, घट्ट, पूर्ण पिकलेला टोमॅटो घ्यावा. उभे दोन किंवा चार भाग करावेत आणि फार रसाळ असेल तर बियांचा गर काढून आमटीत घालावा. कापलेली बाजू वर ठेवून थोडे मीठ भुरभुरावे. मीठ पाणी ओढून घेते आणि बुरशीला सुरुवातीलाच अडवते. स्टीलचे ताट, सूप किंवा जाळी चालते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे नको, कारण टोमॅटोतल्या आम्लाने ते काळवंडते आणि चवही बिघडते. वरून पातळ मलमल बांधावी. दुसऱ्या दिवशी फोडी उलटाव्यात. सूर्य मावळण्याआधी घरात घ्याव्यात, नाहीतर दिवसभरात गेलेले पाणी रात्रीच्या दवात परत येते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशाच्या कोरड्या उन्हात चार-पाच दिवसांत काम होते. मुंबई आणि कोकणात हवेतला दमटपणा आड येतो. तिथे विजेचा ओव्हन साठ अंशांच्या आसपास ठेवून, दार किंचित उघडे ठेवून वाळवणे अधिक भरवशाचे. उष्णता फार वाढवली तर बाहेरचे कवच कडक होते आणि आतला ओलावा आत अडकतो. असा टोमॅटो वरून वाळलेला दिसतो आणि बरणीत बुरसटतो.

तयार फोड चामड्यासारखी वाकावी, पण फाडली तर ओल जाणवू नये. पूड करायची असेल तर ती कटकन मोडेपर्यंत वाळवावी. बरणीत भरल्यावर आठवडाभर रोज हलवून पाहावी. काचेला आतून दव दिसले तर पुन्हा ऊन द्यावे. तेलात मुरवायचे असेल तर जास्त काळजी लागते. टोमॅटो स्वतः आंबट असल्याने तुलनेने सुरक्षित, पण त्यात ताजा लसूण किंवा ओली पाने घातली तर हवा नसलेल्या तेलाखाली घातक जिवाणूंना जागा मिळते. अशी बरणी फ्रिजमध्येच ठेवावी आणि लवकर संपवावी. उन्हात ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे जाते. लाल रंग देणारे लायकोपिन मात्र बरेच टिकते आणि तेलाबरोबर शरीरात अधिक चांगले शोषले जाते. शेंगदाणे, लसूण, तिखट यांच्याबरोबर वाळका टोमॅटो कुटला की भाकरीबरोबर खायला अव्वल चटणी होते, आणि मूठभर फोडी पिठल्यात किंवा मसूरच्या आमटीत पडल्या की आमसुलाची उणीव भासत नाही.

पण घरोघरच्या वाळवणाने शेतकऱ्याचा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. शिवाय त्यात एक जुना अन्याय दडलेला असतो. सिसिलीच्या फळ्यांपासून विदर्भाच्या अंगणापर्यंत वाळवणाचे श्रम बायकांनी फुकट केले आहेत. ‘घरी वाळवा आणि नासाडी थांबवा’ हा संदेश त्याच खांद्यांवर नवे ओझे ठेवणारा ठरू शकतो. म्हणून श्रमाला दर लावणारा नमुना पुढे आणायला हवा, आणि तो महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी सौर वाळवणी यंत्र विकसित केले. त्यावर उभी राहिलेली छत्रपती संभाजीनगरची ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी गावातल्या शेतकरी स्त्रियांना ती यंत्रे देऊन त्यांच्याकडून वाळवलेला शेतमाल विकत घेते. २०२३ मध्ये तिला ‘अर्थशॉट’ पारितोषिक मिळाले. वाळवणाचे काम घराच्या जवळच राहते, पण त्याचे पैसे बाईच्या हातात येतात. सिसिलीतल्या त्या बायकांना जे कधी मिळाले नाही, ते इथे मिळू शकते.

सरकारनेही टोमॅटोकडे पाहिलेच नाही असे नाही. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा, बटाटा यांच्यासाठी पाचशे कोटींची ‘ऑपरेशन ग्रीन्स’ योजना आली. २०२० मध्ये ती सर्व फळे-भाज्यांपर्यंत विस्तारली आणि वाहतूक व साठवणुकीच्या खर्चावर पन्नास टक्के अनुदान जाहीर झाले. तरीही २०२१ च्या ऑगस्टमध्ये नाशिकमध्ये टोमॅटो रस्त्यावर पडला, आणि २०२३ मध्ये पुन्हा पडला. योजनेचा कल माल लवकर दुसरीकडे नेण्याकडे किंवा मोठ्या प्रक्रिया प्रकल्पांकडे होता. माल जिथे पिकतो तिथेच, पिकल्याच्या आठवड्यातच, लहान प्रमाणात थांबवण्याची सोय त्यात दुय्यम राहिली. नाशवंत मालाचा इतिहास मात्र उलटे सांगतो. पार्माचे कारखाने शेतकऱ्यांच्या काळ्या लाद्यांवर उभे राहिले, तासगावचे सौदे शेतातल्या शेडवर. आधी लहान वाळवण, मग मोठा बाजार, हा त्यांचा क्रम आहे.

करण्याजोगे काय आहे, तेही मोठे अवघड नाही. नारायणगाव आणि पिंपळगावच्या परिसरात शेतकरी उत्पादक कंपन्यांनी बेदाण्यासारख्या जाळीच्या शेड उभाराव्यात. जुन्नरच्या उन्हाळी हंगामात उन्हावर आणि नाशिकच्या पावसाळी हंगामात सौर किंवा लाकूडभुशाच्या उष्णतेवर त्या चालाव्यात. कापणी आणि वाळवणीचा किलोमागे दर आधी ठरवून तो फलकावर लावावा. आश्रमशाळा आणि वसतिगृहांनी, ताजा टोमॅटो महागतो त्या महिन्यांसाठी, वाळक्या टोमॅटोची खरेदी आधीच नोंदवावी, म्हणजे शेड चालवणाऱ्याला ग्राहक शोधत फिरावे लागणार नाही. आणि पणन मंडळाने तारण कर्जाच्या यादीत बेदाण्याच्या शेजारी वाळक्या टोमॅटोला जागा द्यावी, दर्जाचे निकष ठरवून.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी तालुक्यात ठरू शकतात. चौथीला पुण्यातल्या एका कार्यालयाचा निर्णय लागतो. चारही मिळून खर्च होईल तो भाव कोसळल्यावर दिल्या जाणाऱ्या मदतीच्या आणि भाव चढल्यावर केल्या जाणाऱ्या आयातीच्या धावपळीपुढे किरकोळ असेल. शेतकऱ्याला ‘आज विकत नाही’ असे म्हणता आले पाहिजे. द्राक्षवाल्याला ते म्हणता येते, हळदवाल्याला येते. टोमॅटोवाल्याला ते म्हणता येत नाही यात फळाचा दोष थोडा आणि आपल्या नियोजनाचा जास्त आहे.